मध्यमा पूर्णची तयारी : शास्त्र पाठ आहे, पण ते कानाला ऐकू येत नाही

मंद्रपंचम (जुळे सोलापूर)

नमस्कार. मी अक्कलकोट रोडवरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचे काम करते आणि गेली सहा वर्षे शास्त्रीय गायन शिकत आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा प्रथम परीक्षा मी उत्तीर्ण झाले असून येत्या एप्रिल-मेच्या सत्रात मध्यमा पूर्णला बसायचे आहे. लेखी पेपरात मला आजवर चांगले गुण मिळत आले आहेत आणि माझी अडचण नेमकी तिथूनच सुरू होते.

गेल्या दिवाळी पहाटेच्या मैफलीत गायिकेने पहिला राग सुरू केला तेव्हा सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर मला ओळखू आले आणि शेजारी बसलेल्या काकूंना मी खात्रीने सांगितले की हा भूप आहे. निवेदकांनी नंतर रागाचे नाव देशकार असल्याचे सांगितले. भूप कल्याण थाटातला (थाट म्हणजे रागांचे वर्गीकरण करणारी सात स्वरांची चौकट), वादी म्हणजे मुख्य स्वर गांधार, संवादी म्हणजे त्याखालोखालचा स्वर धैवत, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देशकार बिलावल थाटातला, वादी धैवत, संवादी गांधार, वेळ सकाळची. हा तक्ता मी वहीत कितीदा तरी आखला आहे. समोर सकाळ होती, गायिका धैवतावर थांबत होती, तरीही तो तक्ता माझ्या मदतीला आला नाही, याचे मला फार वाईट वाटले.

पूर्वी मी ज्या वर्गात जात होते तिथे शास्त्राचा तास म्हणजे उत्तरे उतरवून घेण्याचा तास असे. नाट्यशास्त्र, बृहद्देशी, संगीतरत्नाकर, संगीतपारिजात ही नावे आणि त्यांचे काळ मला पाठ आहेत, परंतु या ग्रंथांचा मी रोज गाते त्या यमनाशी काय संबंध आहे हे मी सांगू शकत नाही. घरी माझ्याकडे फक्त हार्मोनियम आहे आणि रोज जेमतेम एक तास मिळतो. तेव्हा विचारायचे असे की इतिहास, शास्त्र आणि स्वरज्ञान यांचा अभ्यास एकत्र करता येतो का, हार्मोनियमवर कान तयार होतो की बिघडतो, आणि सोलापुरात राहून, नोकरी सांभाळून हे साधण्यासारखे आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

षड्जग्राम (सोलापूर)

ताई, मी शहरात गेली बावीस वर्षे गायन शिकवतो आणि तुम्ही सांगितलेली अडचण दर सत्रात माझ्यासमोर येते. आधी हार्मोनियमविषयी लिहितो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत मध्य षड्जाची आंदोलनसंख्या, म्हणजे कंपने, सेकंदाला २४० धरतात. त्या हिशेबाने तंबोऱ्याशी जुळणारा पंचम ३६० ला आणि शुद्ध गांधार ३०० ला येतो. हार्मोनियमच्या सप्तकाचे मात्र बारा सारखे भाग केलेले असल्यामुळे तिथला पंचम सुमारे ३५९.६ वर आणि गांधार सुमारे ३०२.४ वर पडतो. पंचमातला फरक कानाला कळण्यासारखा नाही. गांधारातला फरक कळतो, आणि हार्मोनियमचा गांधार चढा आहे हे ज्या दिवशी कोणी न सांगता तुमच्या लक्षात येईल त्या दिवसापासून तुमच्या स्वरज्ञानाची सुरुवात झाली असे मी म्हणेन. तुम्ही रोज तीच पेटी समोर घेऊन तिच्याच गांधाराला गळा जुळवत असाल, तर हा फरक ऐकण्याची संधीच तुम्हाला मिळत नाही. हा वाद जुना आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर ठेवले आणि ती बंदी १९७१ पर्यंत चालली. मी स्वतः पेटीच्या विरोधात नाही. पलटे (स्वरांचे ठरावीक सराव) बसवायला, बंदिशीची चाल पक्की करायला ती उत्तम आहे. तेवढ्यापुरती ती ठेवा आणि स्वर लावताना बंद करा.

तंबोरा विकत घेणे लगेच शक्य नसेल तर मोबाइलवरचा तंबोरा चालेल, पण त्याचा आवाज फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. थोडा मोठा स्पीकर जोडा, कारण खर्जाची (सर्वांत खालच्या षड्जाची) तार फोनमध्ये जवळजवळ नाहीशी होते. खऱ्या तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जवारीत (घोडीवर गुंजेल अशी बसवलेली) असेल तर तिच्यातून गांधार आपोआप उमटतो. तो गांधार कोणी वाजवत नाही, तारेच्या पोटातच असतो. मिरजेला जाणे झाले तर तंतुवाद्यांच्या एखाद्या दुकानात बसून तेवढे एकच ऐकून या. आपल्यासाठी मिरज लांब नाही, आणि तिथल्या तंबोऱ्यांचे भोपळे आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूरच्या बाजूने जातात, हे अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते.

आता इतिहासाबद्दल. तुम्ही ज्या ग्रंथांची नावे लिहिली आहेत त्यांतल्या एकाचा प्रयोग घरी करून पाहा, म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हालाच मिळेल. अहोबल पंडितांनी सतराव्या शतकात 'संगीतपारिजात' लिहिला. वीणेच्या तारेची लांबी मोजून स्वरांच्या जागा सांगणे ही त्यांची मोठी कामगिरी आहे आणि परीक्षेत आपण ती एका ओळीत लिहून मोकळे होतो. चार फुटांची एक फळी घ्या, दोन टोकांना लाकडाच्या दोन घोड्या बसवा आणि त्यांच्यामधले अंतर बरोबर ३६ इंच ठेवून एक पोलादी तार ताणा. मोकळी तार हा तुमचा षड्ज. आता एक तिसरी, सरकती घोडी तारेखाली ठेवून वाजणाऱ्या भागाची लांबी बदलत जा. ही घोडी बाकीच्या दोन घोड्यांपेक्षा केसभरच उंच असावी, नाहीतर तार जास्त ताणली जाऊन स्वर चढा बोलतो. तार १८ इंच राहिली की तार षड्ज मिळेल. दोन षड्जांच्या बरोबर मध्ये, म्हणजे २७ इंचांवर, मध्यम मिळेल आणि २४ इंचांवर पंचम मिळेल. अहोबल सांगतात की षड्ज आणि पंचम यांच्या मधोमध गांधार ठेवावा. ३६ आणि २४ यांचा मध्य ३०. तीस इंचांवर घोडी ठेवा, तार छेडा आणि तो स्वर गळ्याने गाऊन पाहा.

तो काय निघतो हे मी इथे लिहीत नाही. आधी ऐका आणि मग कळवा.

पूर्वभागकर (सोलापूर)

षड्जग्राम सरांनी उत्तर झाकून ठेवले आहे, म्हणून मीही त्याला हात लावत नाही. मला दुसरी एक गोष्ट सांगायची आहे.

आमचे घर पूर्व भागात. घरी तेलुगू, दारात मराठी, आणि गल्लीच्या टोकाला कन्नड बोलणारी कुटुंबे, असे आमचे बालपण गेले. माझी आजी भजन म्हणायची आणि एका चालीला 'मोहनम' म्हणायची. पुढे मी हिंदुस्तानी संगीत शिकू लागलो आणि गुरुजींनी भूप शिकवायला घेतला, तेव्हा मी पहिल्याच दिवशी तो गाऊन दाखवला, कारण कानाला तो आजीचा मोहनम होता. त्याचप्रमाणे मालकंसाला कर्नाटक पद्धतीत हिंदोलम म्हणतात, आपल्या काफी थाटाचे स्वर त्यांच्याकडे खरहरप्रिया मेळात (मेळ म्हणजे त्यांच्याकडचा थाट) येतात, बिलावलचे शंकराभरणात आणि भैरवचे मायामालवगौळात. आपल्याकडे थाट दहा आणि त्यांच्याकडे मेळकर्ते बहात्तर का, हे शास्त्राच्या पेपरात हमखास येते. हे बहात्तर मेळ मांडणाऱ्या व्यंकटमखींचे गणित पाठ करून मी ते उत्तर लिहिले होते, परंतु ते समजले मात्र एका तेलुगू शेजाऱ्याच्या व्हायोलिनवर एकेक मेळ ऐकत गेलो तेव्हा.

ताई, सोलापुरात राहून हे साधेल का असे तुम्ही विचारले आहे. उत्तरेची आणि दक्षिणेची अशी दोन्ही नावे एकाच चालीला ऐकू येणारी शहरे महाराष्ट्रात फार नाहीत, आणि आपले शहर त्यांपैकी एक आहे. तुमच्या कारखान्यात तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या सहकारी भगिनी असतीलच. त्या घरी कोणती भजने म्हणतात ते विचारा, ऐका, आणि त्यातले स्वर घरी येऊन तुमच्या सा वर बसवून पाहा. स्वरज्ञानाचा हा अभ्यास जेवणाच्या सुट्टीतही होतो.

भीमातीर (मूळ सोलापूर, सध्या कॅलिफोर्निया)

मी सात रस्त्याजवळ लहानाचा मोठा झालो. इथे नोकरी करता करता संध्याकाळच्या वर्गांना जाऊन एका कम्युनिटी कॉलेजात पाश्चात्त्य संगीताचे काही अभ्यासक्रम पूर्ण केले, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नावर थोडे लिहावेसे वाटले. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांपर्यंतचे शिक्षण देणारी, स्थानिक रहिवाशांना कमी शुल्कात प्रवेश देणारी सार्वजनिक महाविद्यालये. माझ्या वर्गात अठरा वर्षांची मुले होती आणि साठी ओलांडलेले एक सुतारही होते.

तिथे संगीतशास्त्र आणि कानाची तयारी हे दोन वेगळे विषय असतात, पण ते बरोबरीने चालतात. या आठवड्यात शास्त्राच्या तासाला जे शिकवले, तेच पुढच्या दिवशी कानाच्या तासाला गाऊन दाखवावे लागते आणि ऐकून लिहावे लागते. ऐकून लिहिण्याची पद्धत अशी : शिक्षक प्रथम आधारस्वर देतात, मग पियानोवर एक छोटी चाल तीन-चार वेळा वाजवतात आणि विद्यार्थी ती कागदावर उतरवतात. पहिल्या खेपेस लिहायचे नाही, फक्त ऐकून मनात गुणगुणायचे. दुसऱ्या खेपेस सुरुवातीचा आणि शेवटचा स्वर मांडायचा. मधले स्वर त्यानंतर. पहिल्या दीड महिन्यात माझे निम्म्याहून अधिक चुकत असे. माझ्याबरोबरची मुले पियानो शिकून आलेली होती, आणि तरीही षड्ज ठरवून त्याच्या नात्याने स्वर ऐकण्यात मी त्यांच्यापेक्षा लवकर सरावलो, ते केवळ सोलापुरात लहानपणी गुरुजींसमोर सरगम म्हटल्यामुळे. त्यांची डो-रे-मीची रीत अकराव्या शतकातल्या ग्वीदो नावाच्या इटालियन धर्मगुरूंनी गायकांना अनोळखी चाल पाहून गाता यावी म्हणून बसवलेल्या अक्षरांपासून आलेली आहे. तिथल्या इतिहासाच्या तासाला हे समजले तेव्हा मला आपल्या सरगमचा वेगळाच अभिमान वाटला.

एक सावधगिरी मात्र सांगतो. कानाच्या तयारीसाठी मोबाइलवर जी पाश्चात्त्य अ‍ॅप मिळतात त्यांपैकी बरीचशी दोन स्वरांमधले अंतर ओळखायला लावतात आणि षड्ज कोणता हे सांगतच नाहीत. त्यांच्या हिशेबात ग–प आणि रे–म ही अंतरे एकच आहेत. तंबोरा लावून ही दोन अंतरे गाऊन पाहा. षड्ज २४० धरला तर ग–प म्हणजे ३०० ते ३६०, आणि रे–म म्हणजे २७० ते ३२०. गुणोत्तरही किंचित निराळे आहे आणि भाव तर पूर्ण निराळा आहे. म्हणून अ‍ॅप वापरायचे असेल तर आधारस्वर सतत वाजत राहणारे आणि 'हा कितवा स्वर' असे विचारणारेच वापरावे.

लिहून घेण्याची सवय मात्र तुम्ही अवश्य लावून घ्या. आपल्याकडे भातखंडे स्वरलिपी त्यासाठी तयार आहे. आवडत्या ध्वनिमुद्रणातला मुखडा एवढाच घ्या आणि पुस्तकात न पाहता लिहा.

कणस्वर (पंढरपूर)

भीमातीर दादांच्या शेवटच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत नाही. मी वारकरी भजन परंपरेतून आलो आहे. आमच्याकडे अभंगाची चाल कोणी लिहून घेत नाही. पुढचा म्हणतो, मागचे झेलतात, आणि चूक झाली तर पखवाजवाल्याच्या चेहऱ्यावर ती दिसते. लिहिण्याची घाई केली की विद्यार्थी स्वराच्या नावाकडे पाहू लागतो आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे), कण (शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श), आंदोलन (स्वराचे हळू झुलणे) या गोष्टी कागदावर पूर्ण येत नसल्यामुळे त्या त्याच्या कानातूनही गळतात. दरबारीचा गांधार कोमल आहे असे लिहून ठेवले, म्हणून तो ऐकला असे होत नाही. ताईंचा देशकार भूप वाटला, त्याचे कारणही मला हेच दिसते : त्यांनी पाच स्वर मोजले आणि चाल ऐकायची राहिली.

षड्जग्राम (सोलापूर)

कणस्वर यांचे म्हणणे मला पटते, म्हणून क्रम असा सुचवतो : आधी ऐकलेला तुकडा गळ्यातून जसाच्या तसा निघाला पाहिजे, आणि तो निघाल्यावरच लिहावा. लिहिण्याचा फायदा असा की आपण कुठे अंदाजाने गात होतो ते कागद लगेच दाखवतो. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ येते. ती रेघ मारताना हात अडखळला की समजावे, कान तिथे निश्चित नव्हता. पलुस्कर लिपीही शिकून घ्या, कारण परीक्षेत दोन्हींची तुलना विचारतात. भातखंडे लिपीत समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) × आणि खालीला (टाळी न देता दाखवायच्या मात्रेला) ० असते, तर पलुस्करांकडे सम १ ने आणि खाली + ने दाखवतात, एवढे आधी डोळ्यांत बसवले तरी गोंधळ पुष्कळ कमी होतो.

देशकार आणि भूप यांच्यासाठी एक अभ्यास देतो. तंबोरा लावून हेच पाच स्वर घ्या आणि दहा मिनिटे प्रत्येक वेळी गांधारावर येऊन थांबा. मग तंबोरा न बदलता पुढची दहा मिनिटे धैवतावर थांबत जा आणि आरोहात रिषभ हलका ठेवा. तुमचा गळा आपोआप उत्तरांगात (सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात) राहू लागेल. हे आठ दिवस झाले की मारवा, पूरिया आणि सोहनी यांच्याकडे वळा. तिथे स्वर तेच राहतात आणि मारव्यात पूर्वांग (सप्तकाचा खालचा अर्धा), पूरियात मंद्र सप्तक, सोहनीत तार षड्जाचा परिसर असा मुक्काम बदलतो. वादी स्वराची व्याख्या तुम्हाला त्यानंतर पाठ करावी लागणार नाही. आणखी एक : दर रविवारी तंबोऱ्याची पट्टी, म्हणजे षड्जाची उंची, बदला. एरवी काळी चारला गात असाल तर ऐकण्याचा अभ्यास पांढरी चारवर करा. नेहमीच्या पट्टीत गळ्याच्या सवयीने स्वर लागतो आणि तो कानाने लागला असे आपल्याला वाटत राहते.

तासाचे वाटप विचारले होते. पंधरा मिनिटे खर्जाचा (खालच्या स्वरांचा) रियाज, वीस मिनिटे हा मुक्कामाचा अभ्यास, दहा मिनिटे ऐकून गाणे आणि लिहिणे, उरलेला वेळ वाचन. वाचन त्या आठवड्यात जे गायले त्याच्याशीच संबंधित असावे.

मंद्रपंचम (जुळे सोलापूर)

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. फळी आमच्या कारखान्यातल्या सुतारकाकांनी करून दिली. तार वाद्यांच्या दुकानातून आणली. पहिल्या दोन दिवशी सरकती घोडी जास्त उंच झाली होती, त्यामुळे २४ इंचांवरचा पंचम चढा येत होता. ती घासून कमी केल्यावर पंचम तंबोऱ्याशी असा मिळाला की तार आणि स्पीकर यांतला कोणता आवाज कोणाचा, हे क्षणभर कळेना.

मग ३० इंचांवर घोडी ठेवली. अहोबल पंडित त्याला शुद्ध गांधार म्हणतात म्हणून मी शुद्ध गांधाराची वाट पाहत होते, पण आला कोमल गांधार. मला वाटले मोजण्यात चूक झाली. दोनदा मोजले. मग पुस्तकात पाहिले तेव्हा लक्षात आले की त्यांच्या काळचे शुद्ध सप्तक आपल्या काफीसारखे होते, पाटण्याच्या महंमद रझा यांनी १८१३ मध्ये 'नगमात-ए-आसफी'त बिलावलाला शुद्ध सप्तक मानले आणि पुढे भातखंड्यांनी आपली दहा थाटांची मांडणी त्याच आधारावर केली. ही वाक्ये मी दोन वर्षांपूर्वी परीक्षेत लिहिली आहेत. आजचा कोमल हा एका काळी शुद्ध होता, ही गोष्ट मला तेव्हा माहीत होती आणि या महिन्यात ऐकू आली. पूर्वभागकर दादांनी काफी आणि खरहरप्रियेचा उल्लेख का केला होता, तेही आता समजले.

त्यांचे ऐकून मी आमच्या विभागातल्या एका तेलुगू ताईंकडून एक भजन शिकले. त्यांनी ते तीनदा म्हणून दाखवले, मी गाऊन दाखवले आणि घरी येऊन लिहिले. दोन ठिकाणी कोमल निषाद आहे की शुद्ध, हे मला ठरवता आले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा म्हणायला लावले तेव्हा चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल असल्याचे दिसले.

आता सरांना एक विचारायचे आहे. काल तंबोरा लावून मी डोळे मिटले आणि मोजपट्टी न पाहता, आजचा शुद्ध गांधार कानाला पूर्ण शांत लागेपर्यंत घोडी सरकवत राहिले. नंतर मोजले तर ती २९ इंचांच्या थोडी अलीकडे, लहान बाजूला थांबली होती. पेटीचा गांधार वाजवून पाहिला तर तो त्याहून चढा वाटला. ही जागा बरोबर आहे का?

षड्जग्राम (सोलापूर)

३६ ला २४० ने गुणा आणि ३०० ने भागा. २८.८ इंच येतात. पेटीचा गांधार तुम्हाला त्याच तारेवर हवा असेल तर घोडी आणखी अंदाजे पाव इंच सरकवावी लागेल. ताई, तुमची जागा बरोबर आहे. फळीवर तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा आणि उद्या पट्टी बदलून पुन्हा डोळे मिटून शोधा.